रखमाची उचल : आमच्या लढतीच्या खेळातल्या नव्या पात्रांच्या नोंदी

३ डिसेंबर २०२४

नव्या पात्रांचं काम आजपासून सुरू केलं. आमच्या लढतीच्या व्हिडिओ गेममध्ये सध्या सहा लढवय्ये आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत आणखी तीन घालायचे आहेत. माणसं चारच: पात्रं आणि त्यांच्या कथा माझ्याकडे, प्रोग्रामिंग पुण्यातल्या मित्राकडे, ॲनिमेशन इचलकरंजीच्या ताईकडे, आवाज सांगलीतल्या मावसभावाकडे. सगळे नोकरी सांभाळून करतोय, त्यामुळे रात्री दहानंतरचा वेळ तेवढा खरा.

पहिल्या सहा पात्रांबद्दल एक गोष्ट मला सारखी खुपते. प्रत्येकाची कथा मी मन लावून लिहिली होती आणि ती सगळी निवडीच्या पडद्यावर एका चौकटीत पडून आहे. खेळणारा बटण दाबतो आणि पुढे जातो. लढत सुरू झाली की हा कोण, कुठून आला, कशासाठी लढतोय याचा मागमूस राहत नाही. म्हणून या वेळी वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली: जे चालीत दिसत नाही ते कथेत लिहायचं नाही.

हे जमतं, हे मी शाळेत असताना पाहिलंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गेम पार्लर होतं, तिथे टेकन ३ लागलेला असायचा. त्यातला एडी गोर्डो कोण, ब्राझील कुठे, काही ठाऊक नव्हतं. पण तो एका जागी उभाच राहायचा नाही. सतत झुलायचा, हातांवर उलटा होऊन लाथ घालायचा. पुढे किती तरी वर्षांनी त्याची कथा वाचली: वडिलांचा खून, न केलेल्या गुन्ह्याचा तुरुंगवास, आणि तुरुंगातच एका म्हाताऱ्या कैद्याकडून शिकलेली कापोएरा, ब्राझीलची नाचासारखी लढायची कला. वाचताना परकं काहीच वाटलं नाही. तो झुलणारा माणूस आधीच ओळखीचा झाला होता. स्ट्रीट फायटर ६ मधली मॅनॉन ही ज्युदोची खेळाडू. तिची एक ठरावीक पकड बसली की तिच्या नावावर एक पदक चढतं आणि पुढची तीच पकड जास्त जोरात लागते, पाच पायऱ्यांपर्यंत. पदकांसाठी जगणारी बाई आहे हे सांगायला एक वाक्यही खर्ची पडलेलं नाही.

आणि धालसिम. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधला आपल्या देशाचा गडी. त्याच्या गळ्यातल्या कवट्या गावात साथीने गेलेल्या मुलांच्या आहेत, आणि तो लढतो गावासाठी पैसे उभे करायला. एवढी जड गोष्ट. पण खेळताना हाती येतात ते लांबणारे हात आणि तोंडातून निघणारी आग. आपला म्हणून मी नेहमी त्यालाच घ्यायचो, तरी तो आमच्या गल्लीतला कधी वाटला नाही. मला गल्लीतली माणसं हवी आहेत.

५ डिसेंबर

फोनवर चौघांची बैठक. मावसभावाचं म्हणणं, दांडपट्टा घ्यायचाच आहे तर थेट जिवा महालाच घेऊ. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९, सय्यद बंडाचा वार वरच्यावर तोडणारा पट्टा. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" हे पोरासोरांनाही पाठ. लोक उड्या मारतील, हे त्याचं खरं आहे.

मी नको म्हटलं, आणि कारण इथे लिहून ठेवतो, कारण हा विषय पुन्हा निघणार आहे. लढतीच्या खेळात प्रत्येक पात्र निम्म्या वेळा हरतं. कुणीतरी त्याला आपटतं, वर उभं राहून विजयाची पोझ घेतं. जिवा महालाला रोज हजारदा आपटलेलं मला बघवणार नाही, आणि तो कधी हरूच नये अशी सोय केली तर खेळ उरत नाही. इतिहासातली माणसं त्यांच्या जागी राहोत. त्यांची विद्या ज्यांनी आजवर सांभाळली ती माणसं आपण घेऊ. ताई लगेच हो म्हणाली. मावसभाऊ जरा वेळाने.

ठरलं ते असं: एक कुस्ती, एक दांडपट्टा, एक मल्लखांब. कुस्तीसाठी बाई घ्यायची, याला कुणीच आडकाठी केली नाही. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा नेली, तेव्हा मावसभाऊ मैदानात होता. तिथला गलका त्याच्या फोनमध्ये अजून आहे.

११ डिसेंबर

पहाटे पाचला तालमीत. वस्तादांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी चप्पल बाहेर आणि फोन खिशात, ही अट होतीच. हौद्यातली माती आदल्या दिवशी उकरून तयार केलेली. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घातलेली लाल माती. आत पाऊल टाकलं की गार लागते आणि वास थेट कपाळात जातो. पोरं जोर-बैठका काढून घामाघूम झालेली.

मी विचारलं, पट, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचा डाव, कसा काढतात ते जरा सावकाश दाखवता का. वस्तादांनी दोन पोरं समोरासमोर उभी केली.

"बघ. समदी हाताकडं बघत्यात. तू डोक्याकडं बघ. डोकं त्याच्या बरगडीला चिकटलं पायजे. डोकं लांब राहिलं की पट नव्हं, नुसती पाया पडायची तऱ्हा झाली."

पोरगं वाकलं, आणि खरोखर, आधी कपाळ गेलं, मग खांदा, हात सर्वांत शेवटी. आमच्या जुन्या पैलवान पात्रात हात आधी पुढे येतात. म्हणूनच तो पकडताना मिठी मारायला निघाल्यासारखा दिसतो. तीन वर्षं मला कळत नव्हतं की त्या चालीत काय चुकतंय.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मातीतल्या निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत; दोन्ही खांदे मातीला लागले की चीतपट, तोवर काही नाही. खाली पाडणं म्हणजे निम्मं काम. पट काढला, समोरचा पालथा पडला, त्याच्यावर कब्जा घेतला, आणि मग खरी झुंज: घिस्सा मारायचा, की मोळी बांधायची, की सवारी भरायची, तो जमिनीला घोरपडीसारखा चिकटून, पाठ लागू न देता. आपल्या बाजूच्या कुस्तीचं हेच तर वैशिष्ट्य. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्यांना सवयच नव्हती, सगळा जीव मातीतला. तरी सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्य घेऊन परतले.

लढतीच्या खेळांतले पकडवाले गडी, स्ट्रीट फायटरमधल्या झँगीफपासून पुढचे सगळे, एकाच झटक्यात उचलून आपटतात. आपली पैलवान दोन टप्प्यांत खेळेल. आधी पट आणि कब्जा; मग दीड सेकंदाचा वेळ, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशेबाने नव्वद फ्रेम. त्यात तिने डाव निवडायचा आणि खालच्याने तो ओळखायचा. ओळखला तर सुटला, चुकला तर आस्मान दिसलं.

निघताना एका पोराने शड्डू ठोकला. रेकॉर्ड करायची परवानगी तेव्हा मिळाली. मातीने माखलेल्या तळव्याचा शड्डू जड आणि बसका येतो, कोरड्या हाताचा टणकन फुटतो. दोन्ही घेतले.

१५ डिसेंबर

पात्राचं नाव ठरत नव्हतं, गाव ठरत नव्हतं. वस्तादांनी सांगितलेले डाव वहीत उतरवत बसलो होतो: ढाक, निकाल, कलाजंग, एकलंगी, घिस्सा, मोळी. मोळीपाशी पेन थांबलं.

मोळी उसाचीही असते. कुस्तीचा फड असतो तसा उसाचाही फड असतो. आणि उचल! पैलवान उचल मारतो, आणि ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी घेतात ती आगाऊ रक्कमही उचलच. दोन जगांची भाषा इतकी एक आहे आणि मी कोल्हापुरात जन्मून आजवर कधी लक्ष दिलं नाही.

म्हणजे ती ऊसतोड कामगारांच्या घरची आहे. बीडकडची. दरवर्षी दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्याच्या मुलखात यायचं, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायचं, शाळा अर्धी सोडायची. इथल्या जत्रांतल्या कुस्त्या बघत बघत शिकलेली. तालमीत नाव नाही, वस्ताद नाही. तिचा सराव फडात झाला.

नाव रखमा. रात्री दोनला ताईला मेसेज टाकला. सकाळी तिचं उत्तर आलं: "हिला मी काढते. पण आधी बघून या, मनाने काढायला लावू नका."

२९ डिसेंबर

शिरोळ तालुक्यात मामांच्या उसाला तोड आली. मामांचा फोन आला तसा निघालो. टोळी बीडमधल्या धारूरकडची, दहा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोघं. माणसं मोजायची रीतच हत्याराच्या नावाने.

मी बांधावर बसून दिवसभर बघितलं. पुरुष बुडख्यातून ऊस तोडत पुढे सरकतात, वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटून बाजूला पडतं, बायका मोळ्या बांधतात. बांधायला वेगळी दोरी नाही, वाढ्याचाच पीळ. गुडघा मोळीवर रोवायचा, पीळ आवळायचा, गाठ मारायची. तो गुडघा बघून मी उभाच राहिलो. परवा तालमीत मोळी डाव मारताना पोराचा गुडघा अगदी तसाच खालच्याच्या कुशीत रुतला होता.

दुपारनंतर ट्रॉली भरायला घेतली. फळी लावलेली, तिच्यावरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं, वर टाकायची, उतरायचं. फळी प्रत्येक पावलाला लवते. चाळिशीच्या एक मावशी होत्या, त्या चढताना खाली अजिबात बघत नव्हत्या. पाणी प्यायला थांबल्या तेव्हा विचारलं.

"पायाकडं बघितलं की पाय चुकतो, दादा. मान ताठ ठिवायची आन् समोर बघायचं. पायाला फळी म्हाईत आस्ती."

मी खेळाबद्दल सांगितलं. व्हिडिओ गेम त्यांना माहीत होता, त्यांचा मुलगा मोबाईलवर खेळतो. ऊस तोडणारी पोरगी त्यात कुस्ती खेळणार म्हटल्यावर बाकीच्या बायकाही जवळ आल्या. एकीने विचारलं, "जिंकती का?" मी म्हटलं, खेळणाऱ्यावर आहे. ते उत्तर त्यांना पटलं नाही.

घरी येताना गाडीत बसूनच ताईला आवाजी निरोप पाठवला: रखमाची नजर कधीच खाली नको. चालताना नाही, वाकताना नाही, मार खाल्ल्यावर उठतानाही नाही. आधी मान वर येईल, मग अंग.

६ जानेवारी २०२५

उचलीची चाल सुचली. हे या सगळ्या कामातलं मला सर्वांत जवळचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या खेळात प्रत्येक गड्याची एक जोराची पट्टी असते, तीन घरांची. मारत गेलं, मार खात गेलं की ती भरते. भरली की मोठा डाव टाकता येतो. लढतीच्या सुरुवातीला सगळ्यांची पट्टी रिकामी. रखमाची पण रिकामी, मात्र ती उचल घेऊ शकते. म्हणजे पहिल्याच सेकंदाला, पट्टीत काही नसताना, दोन घरांचा डाव टाकू शकते. त्यानंतर तिची पट्टी शून्याच्या खाली जाते. ते फिटेपर्यंत एकही मोठा डाव नाही, आणि बचावासाठी जे थोडं खर्चायचं असतं तेही नाही.

मित्राने रात्रीत करून दिलं. खेळून बघितलं आणि अंगावर काटा आला. उचल घेतली की समोरच्याचा जीव तिसऱ्या हिश्शाने जातो, बरं वाटतं. आणि मग पुढची सगळी फेरी ती नुसती फेडत राहते. तिच्या कथेतलं एक अक्षर न वाचता खेळणाऱ्याला तिचं ओझं कळतं.

पट्टीखाली फेडीची चित्रं म्हणून छोट्या मोळ्या ठेवल्यात. बारा मोळ्या झाल्या की उचल फिटली.

१२ जानेवारी

रविवार. मर्दानी खेळाच्या आखाड्यात. दांडपट्टा हातात घालायला मिळाला.

पट्टा धरायचा नसतो, घालायचा असतो. खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी आवरणात, हात कोपराजवळपर्यंत जातो, आत आडवी मूठ, ती आवळायची. पातं चार फुटांच्या आसपास, दुधारी, लवचीक. घातल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की मनगट संपलं. हात कोपरापासून पात्याच्या टोकापर्यंत एकच लांब हाड झाल्यासारखा. कपाळावर माशी बसली तर त्या हाताने हाकलता येत नाही. फिरवायचं ते खांद्यातून आणि कमरेतून, पाय सतत हलते ठेवून. मला शिकवणारे आजोबा सत्तरीचे असतील. त्यांनी जमिनीवरचं लिंबू फिरता फिरता कापलं आणि पातं मातीला टेकलंही नाही.

"थांबू नकोस," एवढंच सांगत होते. "पट्टा थांबला की जड."

ताईने आधी काढून पाठवलेल्या चित्रांत पट्टेवाल्याचं मनगट प्रत्येक फ्रेममध्ये वाकतंय, तलवारीसारखं. ती सगळी परत काढावी लागतील. तिला फोन केला तर म्हणाली, बरं झालं आत्ताच कळलं.

याच मनगटात पात्र सापडलं. दौलूमामा, वय बासष्ट, कोल्हापूरच्या उद्यमनगरातला ओतकाम करणारा. लहानपणापासून आखाड्यात पट्टा फिरवला, पुढे पोटापाण्याच्या मागे लागून सोडला. एका अपघातात उजवं मनगट कायमचं ताठ झालं आणि साच्याचं काम हातून गेलं. आणि मग जुना खोबळा पुन्हा हातात घातला, तर पट्ट्याला मनगट लागतच नव्हतं.

हे त्याच्या चालीत असं येईल: निवडीच्या पडद्यावर मामा डाव्या हाताने उजव्या हातात खोबळा चढवतो. लढताना वारामागून वार केला तर प्रत्येक पुढचा वार थोडा लवकर निघतो; थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि पात्याच्या मागे, हाताच्या अगदी जवळ, मार नाही. समोरचा पट्ट्याच्या पोटात शिरला की मामाला एकच उपाय, खोबळ्याचा ठोसा. म्हणजे रखमाने एकदा पट काढायला अंतर साधलं की मामा अडकला, आणि अंतर राखलं तर रखमाला जवळ येता येत नाही. ही जोड चांगली लागणार.

दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र जाहीर झाला तेव्हा आजोबांनी आखाड्यात पेढे वाटले होते. मलाही आज एक पेढा मिळाला, वेगळ्या कारणाने: पहिल्याच दिवशी स्वतःचा कान न कापल्याबद्दल.

२० जानेवारी

मल्लखांबाचं पात्र सध्या बाजूला ठेवतोय. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांपासून चालत आलेली ही विद्या मुळात पैलवानांच्या सरावासाठीची. अढी, तेढी, दसरंग, फिरकी हे त्यातले सगळे प्रकार म्हणजे खांबाशी केलेली कुस्तीच. पण खांब मैदानात उभा केला तर दुसऱ्या गड्याने त्याचं काय करायचं, हे सुटत नाही. खांब नसेल तर तो मल्लखांबपटू राहत नाही, नुसता उड्या मारणारा पोरगा होतो. अर्धवट करण्यापेक्षा पुढच्या वर्षी. ताईने काढलेलं ताजवा या प्रकाराचं चित्र जपून ठेवलंय.

२ फेब्रुवारी

चाचणी. मित्राच्या खोलीवर सहा-सात जण, दोन कंट्रोलर, सकाळपासून रात्रीपर्यंत.

दौलूमामा सगळ्यांना आवडला, पण कुणालाच लवकर जमला नाही. पुढचा वार लवकर निघतो हे लक्षात यायला वेळ लागतो. आवाजाने सांगावं असं ठरलं: प्रत्येक वाराला पात्याचा सूं-सूं आवाज चढत जाईल. मावसभाऊ करतोय.

रखमात मोठी चूक निघाली. चांगले खेळणारे पहिल्या फेरीत उचल घेतात, घाईने फेरी मारतात, आणि दुसऱ्या फेरीत पट्टी शून्यावर येते, कर्ज माफ. दुसऱ्या फेरीत पुन्हा उचल. ती कधी फेडतच नाही. खेळ म्हणून हे जास्त ताकदीचं आहे, आणि कथा म्हणून खोटं आहे. मित्राचं म्हणणं, मारच कमी करू. मला ते नको. डाव जड असायलाच हवा, नाहीतर उचल घ्यायचा मोह कुणाला होईल?

११ फेब्रुवारी

टोळी मामांच्या पलीकडच्या रानात आहे असं कळलं, पुन्हा गेलो. या वेळी लॅपटॉप नेला. संध्याकाळी कोप्यांसमोर खाटेवर ठेवून रखमा दाखवली. चुली पेटलेल्या, पोरं लॅपटॉपभोवती.

मावशींनी आधी चालणं बघितलं आणि मान हलवली. मग बारा मोळ्या दाखवल्या, उचल कशी फिटते ते सांगितलं.

"मोळ्या कोण मोजतंय? पैसं टनावर. गाडी भरली, काट्यावर गेली, मग पैसं."

बरोबर आहे. हे मला डिसेंबरातच विचारायला हवं होतं. मोळ्या काढल्या. आता पट्टीखाली एक ट्रॉली आहे, ती तळापासून भरत जाते.

मग मी माझी अडचण सांगितली: एक फेरी संपली की कर्ज मिटतं, हे कसं करावं?

मावशींचे यजमान तंबाखू मळत बसले होते, ते पहिल्यांदा बोलले. "मिटतंय कसं? राह्यलेलं फुडच्या साली वर चढतंय."

एवढंच. उरलेली उचल पुढच्या फेरीत जाईल. पहिल्या फेरीत घेतली आणि फेडली नाही, तर दुसरी फेरी शून्याच्या खालूनच सुरू. मित्राला तिथूनच फोन लावला. त्याने दोन मिनिटं गप्प राहून म्हटलं की याने तोलाचा प्रश्नही सुटतो, मार कमी करावाच लागणार नाही. गेले नऊ दिवस आम्ही आकड्यांशी झगडत होतो.

कथेचा शेवटही तिथेच ठरला. अशा खेळांत एकट्याने सगळे गडी हरवले की त्या पात्राचा शेवट दाखवतात, चार-पाच चित्रं आणि थोडे शब्द. मी लिहून नेला होता: रखमा गावी परतते, आईच्या फोटोसमोर गदा ठेवते. मावसभावाने वाचून डोळे पुसले होते. मी तो कोपीसमोर वाचून दाखवला. सगळ्या गप्प बसल्या. नंतर मावशी म्हणाल्या,

"आय कशाला मारली वो तिची?"

मला उत्तर देता आलं नाही.

"रडकी नका दावू. तिची उचल फिटल्याली दावा."

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. आखाड्याची प्रात्यक्षिकं, मिरवणूक. लाठी, फरीगदका, विटा (दोरी बांधलेला भाला), शेवटी पट्टा. हलगीचा ठेका कान देऊन ऐकला. गडी दमत आला की वाजवणारा ठेका वाढवतो, त्याला उभं ठेवायला. आपल्या खेळात जीव कमी उरला की हलगी चढेल, दोघांपैकी ज्याचा कमी त्याच्या बाजूच्या स्पीकरमधून.

आजोबांना दौलूमामा फोनवर दाखवला. त्यांनी तीनदा बघितला. "डावा पाय लांब टाकतोय. पट्ट्याखाली पाय घालतंय येडं." डावं पाऊल आखूड केलं.

१ मार्च

रखमाचा शेवट नव्याने लिहिला. आई जिवंत आहे. चित्रं चार.

पहिलं: पहाटेचा फड, धुकं, आईबाप आणि रखमा. दुसरं: काट्यावर उभी ट्रॉली. तिसरं: मुकादमाची वही, बारीक चौकटींची, तिच्या बापाच्या नावापुढे चार वर्षांची ओळ, आणि त्या ओळीवर आडवी रेघ. चौथ्या चित्रावर ताई आठवडाभर अडली होती. आज पाठवलं. दिवाळी झालेली आहे, गावातल्या घराला कुलूप नाही. अंगणात रखमा आणि तिची आई बसल्यात, काही करत नाहीत. रस्त्यावरून टोळ्यांचे ट्रक चाललेत आणि त्या दोघी त्यांच्याकडे बघतायत.

शब्द एकही घातला नाही.

तिसऱ्या चित्रातल्या वहीत रक्कम किती लिहायची यावर फोनवर बराच वेळ गेला. शेवटी आकडा बोटाखाली झाकला. वहीवर रेघ ओढणाऱ्याचा अंगठा तिथेच आहे.

१३ मार्च

होळी. परवा या भागातल्या कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या परत निघाल्या. काल संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो होतो. ट्रकमध्ये भांडी, कोप्यांचे ताडपत्रीचे गठ्ठे, एक शेळी. मावशींच्या मुलाच्या मोबाईलवर खेळ घालून दिला. तो रखमाच घेतो, आणि उचल कधीच घेत नाही.

जाण्याआधी एक काम करून घेतलं. रखमा जिंकल्यावर काय ओरडते ते तीन महिने सापडत नव्हतं. मी लिहिलेलं सगळं नाटकी वाटायचं. मावशींना विचारलं, शेवटची मोळी वर पडली की तुम्ही काय म्हणता? त्या ट्रकच्या फाळक्याला हात लावून उभ्या होत्या, तशाच वळल्या आणि पूर्ण गळ्याने ओरडल्या: "भरली गाडीऽ!" पलीकडच्या ट्रकमधल्या दोघींनी सवयीने ओ दिली. तेही रेकॉर्डिंगमध्ये आलंय आणि काढायचं नाही, असं मावसभावाला कळवलं. फाईल त्याला रात्रीच पाठवली. श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालायचं का, हे त्यांना विचारलं. नवऱ्याचंही घाला म्हणाल्या, कोयता दोघांचा आहे.

राहिलेलं: दौलूमामाच्या सावलीच्या फ्रेम जुन्याच आहेत, तिथे मनगट अजून वाकतंय. रखमाच्या निकाल डावात समोरचा गडी भिंतीला लागला की अडकतो. मोबाईलवर हलगी अर्धा ठोका मागे येतेय. सावल्या उद्या.